पालकसभेतला पहिला अर्धा तास द्या

प्रति,
माननीय मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघाचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये

विषय : वर्षाच्या पहिल्या पालकसभेत पहिला अर्धा तास मुलांच्या मनासाठी राखून ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे, सातारा जिल्ह्यात राहतो. नोकरीला 21 वर्षं झाली. 2022 च्या डिसेंबरात माझा मुलगा आत्महत्येनं गेला. अकरावी सायन्सला होता, सोळा पूर्ण होऊन सतरावं लागलं होतं. पाठीवर एक बहीण, त्यामुळे घरात सगळेच त्याला दादा म्हणायचे. मीही. या पत्रातही तो दादाच राहील.

तो कसा गेला हे मी कुठल्या सभेत सांगत नाही आणि इथंही लिहिणार नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच समजावलं होतं, की जे मूल आधीच काठावर उभं आहे त्याला असे तपशील पुढे ढकलू शकतात. तुमच्या शाळेत, तुमच्या गावात असं काही घडलं आणि व्हॉट्सॲपवर फोटो किंवा चिठ्ठी फिरायला लागली, तर ती तिथल्या तिथे थांबवा. ही विनंती आधीच करून ठेवतो, कारण अशा वेळी कुणाला भान राहत नाही.

मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या चार महिन्यांबद्दल.

दहावा होईपर्यंत मी ओसरीवर बसून होतो. येणारा माणूस शेजारी टेकायचा, थोडा वेळ काही बोलायचा नाही, मग हळूच काहीतरी सांगायचा. तिसऱ्या दिवशी माझा एक सहकारी कंडक्टर आला. सकाळची तालुक्याची गाडी त्याच्याकडे असायची आणि दादा त्याच गाडीनं कॉलेजला जायचा. तो म्हणाला, "गणपतीनंतर पोरगं मित्रांच्यात बसत नव्हतं. मागच्या सीटवर, काचेला डोकं लावून. दोनदा तर सकाळी स्टँडवर सोडलं आणि दुपारच्या फेरीला आलो तर तिथंच बाकड्यावर बसलेलं. म्हटलं, तुला सांगितलं तर उगाच मार खाईल."

मग बायको बोलायला लागली. तिला काही दिसलं नव्हतं असं नाही. दादा घरी आला की दप्तर टाकून झोपायचा आणि रात्री दोनला उठून बघावं तर जागा. रोज डोकं दुखतंय म्हणायचा. डोळ्यांचा नंबर लागला असेल म्हणून ती त्याला तपासायला घेऊन गेली. नंबर निघाला नाही. आम्ही दोघं निश्चिंत झालो.

आणि दिवाळीचा किल्ला. दुसरीत असल्यापासून दादा दर दिवाळीला अंगणात किल्ला करायचा. आधी नुसती मातीची ढेकळं, मग प्रतापगड, राजगड, नवव्या इयत्तेत तर पुस्तकातला नकाशा बघून बालेकिल्ल्यासकट. अळीव पेरायचा, पहिल्या आंघोळीपर्यंत हिरवं झालं पाहिजे म्हणून रात्री उठून पाणी मारायचा. 2022 च्या दिवाळीत त्यानं किल्ला केला नाही. शिवाजी महाराजांची सिंहासनावरची मूर्ती, तोफा, गवळणी, नऊ वर्षं जपलेले सगळे मावळे त्यानं एका पिशवीत भरून शेजारच्या लहान पोरांना देऊन टाकले. बायको कौतुकानं म्हणाली, मोठा झाला आता. मीही तसंच म्हणालो. जिवापाड जपलेली वस्तू मूल अचानक वाटून टाकायला लागलं तर ती धोक्याची खूण असते, हे मला पुढे कळलं.

धाकटी तेव्हा सहावीत. ती आईच्या पदराआडून म्हणाली, दादा रात्री रडायचा आणि पप्पांना सांगायचं नाही असं त्यानं सांगितलं होतं. कॉलेजातले एक सर आले. जर्नल कोरं होतं, प्रॅक्टिकलला तीन वेळा गैरहजर होता. "दहावीला 91 टक्के होते, म्हटलं हुशार मुलगा आहे, भरून काढेल. तुम्हाला बोलावणार होतो," एवढंच बोलून ते थांबले. दहाव्याला त्याचा जवळचा मित्र बापासोबत आला, मान वर करेना. दादा त्याला नोव्हेंबरमध्ये म्हणाला होता, "मी नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता." आणि आईची शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. त्या लेकरानं शपथ पाळली. आजही ते ओझं त्याच्या खांद्यावर आहे. मी त्याला भेटतो, जेवायला घेऊन जातो आणि दर वेळी सांगतो, तुझी चूक नव्हती.

माझ्याजवळचा तुकडा मी सगळ्यात शेवटी सांगितला. दादाची दहावी चालू होती तेव्हा एसटीचा संप होता, ऑक्टोबर 2021 च्या शेवटापासून एप्रिल 2022 पर्यंत. घरात पगार नव्हता. त्या दिवसांत मी आणि बायको पैशांवरून जे बोलायचो ते भिंतीपलीकडे ऐकू जात होतं, हे आम्हाला माहीत असूनही आम्ही बोलायचो. अकरावीला घातल्यावर तर मी अभिमानानं चार लोकांत सांगायचो, पोराच्या शिक्षणासाठी कर्ज काढलंय. तोही ऐकायचा. मुक्कामी ड्युटी असली की मी रात्री फोन करायचो. शेवटच्या महिन्यातले फोन मी आठवून आठवून बघितले. माझे प्रश्न तीनच असायचे. कॉलेजला गेलास का, अभ्यास झाला का, पैसे पुरतायत का. तिन्हींना "हो" हे एकच उत्तर होतं आणि ते तो देत होता.

ड्युटी संपली की आम्ही कंडक्टर तिकिटांचा आकडा आणि रोकड जुळवतो. दहा रुपये कमी पडले तरी रात्री डेपोत बसून शोधायचे. दादाच्या बाबतीत सहा माणसांकडे सहा तुकडे होते. प्रत्येकाला आपला तुकडा लहान वाटला. ते एका जागी ठेवले कधी, तर त्याच्या दहाव्याला.

हे मी कुणावर ठपका ठेवायला लिहीत नाही. सरांच्या वर्गात 120 मुलं होती. सहकाऱ्यानं चांगल्याच मनानं तोंड मिटलं. आणि एका निकालानं, एका रागावण्यानं, एका कर्जानं मूल जात नाही, हे मला डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे पटलं. दादाला नैराश्य होतं. तो आजार आहे, जसा कावीळ आजार आहे, आणि त्याच्यावर उपचार आहे. बाकीच्या गोष्टी त्याच्यावर भार टाकत गेल्या. आम्हाला आजारच दिसला नाही, कारण आमच्या डोक्यात नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारं माणूस. वाढत्या वयात तो बऱ्याचदा रडण्यातून नाही, चिडण्यातून दिसतो. दादा चिडका झाला होता. मी त्याला म्हणायचो, "मुलगी आहेस का तोंड पाडून बसायला?" हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही. म्हणून ते प्रत्येक सभेत बापांच्या समोर उभा राहून सांगतो.

एनसीआरबी ही केंद्राची गुन्ह्यांच्या आणि अपघाती मृत्यूंच्या नोंदी ठेवणारी संस्था. तिच्या अहवालात 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातल्या, 1,764. मी आकडा वाचला तो कंडक्टरसारखाच वाचला. 44 सीटच्या गाड्या लावल्या तर 40 गाड्या भरतात आणि चार मुलं उभी राहतात. त्यातलं एक माझं.

आता मी कशासाठी अर्धा तास मागतोय ते सांगतो. गेल्या तीन वर्षांत मी 31 शाळांत बोललो आहे, दर वेळी सोबत जिल्हा रुग्णालयातलं किंवा ओळखीचं शिकलेलं माणूस घेऊन, कारण मी डॉक्टर नाही. पालक सगळीकडे एकच गोष्ट विचारतात. या वयात पोरं अशीच वागतात, मग आजार कसा ओळखायचा?

खरं आहे. दार लावून बसणं, आरशासमोर तास घालवणं, आईबापांची लाज वाटणं, हे वयच आहे. मला डॉक्टरांनी जी रीत सांगितली ती मी तशीच पुढे देतो. बदल किती दिवस टिकलाय ते बघा आणि किती ठिकाणी दिसतोय ते बघा. परीक्षेच्या आधी चार दिवस मूल गप्प झालं, संपल्यावर खुललं, तर ठीक. पण दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज, झोप बिघडली आहे, जेवणात लक्ष नाही, जीव होता त्या खेळात, गाण्यात, मित्रांत जीव राहिलेला नाही, आणि हे घरीही आहे, शाळेतही आहे, मित्रांतही आहे, तर ते वय नव्हे. डोकं, पोट सारखं दुखतंय आणि तपासण्यांत काही निघत नाही, हेही त्यातच धरा. उन्हाळ्यातही अंगभर बाह्यांचे कपडे घालून हात लपवत असेल तर प्रेमानं विचारा. आणि "मी ओझं आहे", "माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय", "सगळं सोडून जावंसं वाटतं" अशी वाक्यं आली, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी बसायचं. बरेच दिवस अस्वस्थ असलेलं मूल एकाएकी फार शांत झालं, तरी नजर काढून घेऊ नका.

यातली "किती ठिकाणी" ही गोष्ट एकट्या आईबापाला कळूच शकत नाही. घरचं आम्हाला दिसतं. वर्गातलं तुम्हाला, मधल्या सुट्टीतलं मित्रांना, वाटेतलं आमच्यासारख्या कंडक्टरला नाहीतर रिक्षावाल्या काकांना. म्हणून हे पत्र पालकांना न लिहिता तुम्हाला लिहितोय. सगळ्यांना एका छताखाली बसवायचा अधिकार गावात फक्त शाळेकडे आहे.

दुसरा प्रश्न असतो, विचारायचं कसं. समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून "काय झालंय तुला, बोल" असं विचारलं की पोरं मिटतात. शेजारी बसून विचारावं. गाडीवरून जाताना, शेंगा फोडताना, कपडे वाळत घालताना. आणि थेट विचारावं. "तुला जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असं कधी मनात येतं का?" हे शब्द मी सभेत मोठ्यानं उच्चारले की बायका पदर तोंडाला लावतात. एका शाळेत संस्थेचे एक जण उठून म्हणाले, असले विचार पोरांच्या डोक्यात घालू नका. त्यांची भीती मला कळते, मलाही तीच होती. पण विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही. हे डॉक्टरांनी अभ्यासून ठेवलेलं आहे. ज्याच्या मनात नाही ते मूल म्हणतं, काहीतरीच काय पप्पा. ज्याच्या मनात आहे त्याला पहिल्यांदा वाटतं, कुणीतरी दार उघडलं.

मागच्या वर्षाआधी एका शाळेतली सभा संपली, हॉल रिकामा झाला, तरी एक बाई बसून होत्या. मुलगी नववीत. खो-खोच्या संघात होती, एकदम सोडलं. वर्गशिक्षिकाही तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, पेपरात अर्धी पानं कोरी सोडते आहे. आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण दोघींनाही दुसरा तुकडा तेव्हाच कळत होता. बाईंनी त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता लेकीला विचारलं. लेक बराच वेळ देठं खुडत राहिली आणि मग म्हणाली, हो, येतं मनात. बाईंनी मला नंतर सांगितलं, "माझ्या तोंडात आलं होतं, तुला काय कमी केलंय आम्ही? पण तुम्ही सांगितलेलं आठवलं आणि जीभ दाताखाली धरली." त्या एवढंच म्हणाल्या, सांगितलंस ते बरं केलंस, आता तू एकटी नाहीस. त्या रात्री त्या तिच्याजवळ झोपल्या, दुसऱ्या दिवशी तिला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. मुलीचे उपचार अजून चालू आहेत. यंदा तिनं दहावीची परीक्षा दिली. मार्क किती पडले ते मी विचारलं नाही.

उत्तर "हो" आलं तर काय करायचं, याला त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं द्या. रागवायचं नाही. "आमचा तरी विचार कर" म्हणायचं नाही, कारण त्या लेकरानं आमचाच विचार करून स्वतःला ओझं ठरवलेलं असतं. शपथा घालायच्या नाहीत. त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं, फवारणीची औषधं, जी काही घातक वस्तू असेल ती कुलपात, आणि किल्ली आपल्या कमरेला. ती वेळ बऱ्याचदा लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरेपर्यंत हाताशी काही असू नये. आणि लगेच फोन उचलायचा.

फोन 14416. याचं नाव टेलि-मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मूल स्वतः करू शकतं, आई करू शकते, मित्रही करू शकतो. ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. दादा गेला त्याच्या दोन महिने आधी. मी रोज शेकडो माणसांना तिकीट देतो, सगळ्या मार्गांचे टप्पे मला पाठ आहेत, आणि हा पाच आकडी नंबर मला माहीत नव्हता. तो माहीत असता तर दादा वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण माझ्या खिशात तो असायला हवा होता.

डॉक्टरकडे जायला लोक का कचरतात तेही सांगतो. आमच्याकडे मानसोपचार म्हटलं की पहिला शब्द निघतो येरवडा. "पोराला येरवड्याला न्यायचं का?" मग आधी दृष्ट काढली जाते, बाहेरचं बघितलं जातं. माझ्या आईनंही दादाची मीठ-मोहरीनं दृष्ट काढली होती आणि तिच्या मायेला मी नावं ठेवणार नाही. देवाला जाऊन या, पण त्याच आठवड्यात डॉक्टरलाही दाखवा. त्यासाठी लांब जावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत असते. बहुतेक मुलांना भरती करावं लागत नाही. बोलून घेतात, गरज असेल तर गोळ्या देतात, पुन्हा बोलावतात.

दुसरी भीती पोलिसांची. मुलानं प्रयत्न केला असेल तर केस होईल म्हणून घरचे लपवतात, खोटं कारण सांगून टाके घालून घेतात आणि मूल तशाच मनानं घरी येतं. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की असा प्रयत्न करणारं माणूस तीव्र तणावाखाली होतं असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या 309 सारखं सरसकट कलम ठेवलेलंच नाही. हे तुमच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी पाच मिनिटांत सांगितलं तरी पुरे. माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडून लोकांना लवकर पटेल.

आता तुमच्याबद्दल. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी एक सतरा वर्षांची मुलगी 2023 मध्ये गेली. तिचे वडील न्यायासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 25 जुलै 2025 ला न्यायालयानं त्या प्रकरणात देशभरातल्या शाळा, कॉलेजं, क्लासेस आणि वसतिगृहांसाठी 15 सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घेणं. शिक्षक आणि शिक्षकेतर दोघांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे नंबर मोठ्या अक्षरांत वर्गात, वसतिगृहात लावणं. मार्कांवरून तुकड्या पाडून मुलांना हिणवणं बंद. आणि पालकांसाठी नियमित जागृतीचे कार्यक्रम. म्हणजे मी मागतोय तो अर्धा तास उपकाराचा राहिलेला नाही.

समुपदेशक नेमायला तुमच्याकडे पैसे नाहीत, पद मंजूर नाही, हे मी अनेक मुख्याध्यापकांकडून ऐकलंय आणि त्यांची तळमळ खरी असते. त्यासाठी आपण मिळून भांडू. पण काही गोष्टींना पद लागत नाही.

वर्गशिक्षकांना एक फोन करायची मुभा द्या, तक्रारीचा नव्हे. आमच्याकडे शाळेतून फोन आला म्हणजे पोरानं काहीतरी केलं, असा अर्थ होतो आणि संध्याकाळी पट्टा निघतो. माझा सहकारी त्याच भीतीनं गप्प बसला. फोनवर नुसतं एवढं सांगा, "या महिन्यात तो जरा वेगळा दिसतोय, घरी कसा आहे?" आणि पालकांना पहिल्याच सभेत सांगून ठेवा, की असा फोन आला तर त्या दिवशी मुलाला बोल लावायचा नाही. शिपाईमामा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, व्हॅनचे काका यांनाही या साखळीत घ्या. पोरं त्यांच्याजवळ जास्त मोकळी असतात.

मुलांना सांगा, कुठल्याही मित्राची कुठलीही गुपितं पाळा, हे एक सोडून. यासाठी घातलेली आईची शपथ लागू होत नाही, आईच तसं सांगेल. आणि सांगायचं कुणाला, त्या माणसाचं नाव वर्गावर्गात ठरवून द्या. नुसतं "मोठ्यांना सांगा" म्हणून पोरं येत नाहीत.

14416 चा बोर्ड कार्यालयाबाहेर लावू नका. तिथं उभं राहून तो वाचायची कुठल्या पोराची हिंमत आहे? मुतारीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, सायकल स्टँडला लावा, जिथं मूल एकटं असतं. डायरीच्या मागच्या पानावर छापा. आमच्या भागातल्या एका शाळेनं तो ओळखपत्राच्या मागे छापून घेतला आहे. खर्च वाढला नाही.

आणि घडू नये ते घडलंच, तर दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याकडे बघा. मोठी भाषणं, फलक, हारतुरे यांच्यापेक्षा त्या पाच-सात मुलांना पुढचे काही महिने कुणीतरी रोज विचारणं जास्त गरजेचं असतं. दादाच्या मित्राला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, मला तेव्हा माझंच भान नव्हतं.

धाकटी आता दहावीत आहे. मुक्कामाला असलो की मी तिला रात्री फोन करतो. आता मी विचारतो, आज कुणाशी जास्त बोललीस? आज कशाचा राग आला? पहिले तीन-चार महिने ती "कशाचाच नाही" म्हणायची. आता सांगते. कधी माझाच आला होता म्हणते, मी ऐकून घेतो. अभ्यासाचं तीच काढते. दिवाळीत तिनं अंगणात किल्ला केला. शेजारच्या पोरांनी दादानं दिलेली पिशवी आपणहून आणून दिली. एक तोफ तेवढी हरवली होती.

शाळा जूनमध्ये उघडतील, पहिली पालकसभा जुलैत होईल. विषयपत्रिकेवर घटक चाचणी, गणवेश, फी, शिस्त असं सगळं असेल. त्याच्या आधी, लोक अजून ताजे असताना, अर्धा तास. मार्कांचा कागद हातात पडल्यावर पालक काही ऐकत नाहीत. सभा संध्याकाळी ठेवलीत तर बापही येतील. दुपारी फक्त आयाच येतात, हे मी 31 शाळांत बघितलं आहे. बोलायला मीच पाहिजे असं नाही. जिल्हा रुग्णालयाला पत्र द्या, तिथून जाणता माणूस मिळतो.

मला बोलावलंत तर माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. सातारा जिल्ह्यात कुठंही असो, सकाळच्या पहिल्या गाडीनं येईन.

आपला,
दादाचा बाप